अत्तम्माचा हात

आमच्या विभागाच्या दारातून आत येताना भीमराव नेहमी अंग चोरायचा. गिरणीच्या पट्ट्यात सापडून त्याचा उजवा हात खांद्यापासून गेलेला. दार चांगलं ऐसपैस, स्ट्रेचर सहज जाईल एवढं. तरी हा गडी उजवीकडे वीतभर जागा सोडून, किंचित तिरपा होऊन आत यायचा. मी एकदा विचारलं, "असा तिरका का येतोस रे?" तर म्हणाला, "हात लागतोय की बाई चौकटीला." मी हट्टानं त्याला सरळ चालायला लावलं. चौकटीपाशी आला आणि नसलेलं कोपर आपटलं म्हणून कळवळून खाली बसला. त्याच्या कपाळावर आलेला घाम मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्या दिवसापासून मीसुद्धा त्याच्या उजव्या बाजूनं जाताना जरा लांबून जायला लागले.

नोकरीतलं काहीतरी लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी भीमराव आठवला आणि त्याच्या पाठोपाठ राजव्वा. कुठे शिकले, कधी लागले, कधी बढती मिळाली हे सगळं माझ्या निरोपसमारंभात एकानं वाचून दाखवलंय आणि त्यात सगळ्यांना डुलक्या लागल्या होत्या, तेव्हा ते सोडून देते. आमच्या धंद्यातली भुतं दिवसाढवळ्या, ओपीडीच्या वेळेत, केसपेपर काढून येतात, एवढंच आधी सांगून ठेवते.

धंदा म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या आमच्या इस्पितळात ही पाटी लागली आणि त्याच आठवड्यात वैरागहून माझे एक मामा आपल्या दहावी नापास पोराला घेऊन हजर झाले. "पोरी, तुज्याकडं व्यवसाय देत्यात म्हनं. ह्याला कुटंतरी चिटकव की." मामांना दोष देण्यात अर्थ नव्हता, इस्पितळातल्या निम्म्या डॉक्टरांनाही आम्ही काय करतो ते ठाऊक नव्हतं. सोप्या भाषेत सांगायचं तर असं: शेजारच्या खोलीतले व्यायामवाले लुळा पडलेला हात हलवायला शिकवतात. तो हात हलवून वेणी घालायची आहे, भाकरी थापायची आहे की करवत चालवायची आहे, हे आम्ही बघतो. आणि त्या कामातूनच हाताला परत कामाला लावतो.

तर एका वर्षी मुंबईच्या एका कॉलेजातून काही विद्यार्थी माझ्याकडे धाडले गेले. इस्पितळात नाही, वस्तीत जाऊन उपचाराचा कार्यक्रम आखायचा आणि चालवून दाखवायचा, असा त्यांचा अभ्यास होता. त्यातली दोन नावं लक्षात ठेवलीत तरी पुरे. एक सुनंदा, गिरगावातली, बारीक चणीची, पुस्तकातली पानं तोंडपाठ असलेली. दुसरा देशकर, नागपूरकडचा, ऊन सोसणारा आणि कमी बोलणारा. दोघं पहिल्याच दिवशी एक भलामोठा तक्ता घेऊन आले. त्यात वेताच्या टोपल्या होत्या, कागदी फुलं होती, ग्रीटिंग कार्डं होती. मी म्हटलं, "पूर्व भागात चाललाय तुम्ही. जन्मभर माग चालवलेल्या माणसांना टोपल्या विणायला बसवणार? हाकलून देतील." तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला आणि त्यांना घेऊन वस्तीत गेले.

पूर्व भाग म्हणजे आमच्या शहरातली विणकरांची वस्ती. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीच्या वर सतत यंत्रमागांची खटखट. तिथे माणसं बोलत नाहीत, ओरडतात, आणि परक्याला वाटतं भांडण चाललंय. ज्या घरांत अजून हातमाग होते, तिथल्या बायका ओसरीवर रहाट घेऊन कांड्या भरत बसायच्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची बारकी गुंडाळी. उजव्या हातानं रहाटाचं चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या चिमटीतून सूत कांडीवर सोडायचं. चिमूट सैल पडली की गुंता, घट्ट झाली की सूत तुटलं. देशकर तिथेच उभा राहून ते टक लावून बघत राहिला. खांदा, कोपर, मनगट, चिमूट, बसण्याचा तोल, सगळं त्या एका कामात होतं. परत येताना सुनंदा म्हणाली, "मॅडम, तक्ता बदलू या." पोरगी पाठांतरवाली असली तरी मठ्ठ नव्हती.

वस्तीतल्या देवळामागची एक खोली मिळाली. मागून आणलेले जुने रहाट मांडले, कुणाच्या मुठीला जाड कापड गुंडाळलं, कुणाला पाठीला फळी दिली. अंगावरून वारं गेलेली, हात मोडून आखडलेली, संधिवातानं बोटं वाकडी झालेली माणसं हळूहळू यायला लागली. आणि एका सकाळी सत्यनारायण आपल्या आईला, राजव्वाला, घेऊन आला.

सत्यनारायण तिशीतला, घरच्याच हातमागावर साड्या विणणारा. राजव्वाला अर्धांगाचा झटका येऊन फार दिवस झाले नव्हते. पाय ओढत का होईना चालत होती, बोलणं स्वच्छ. पण केस फक्त उजव्या बाजूचे विंचरलेले. ताटातला डाव्या बाजूचा भात तसाच राहतो, असं मुलानं सांगितलं. ती डावीकडे बघायचीच नाही. जगाची डावी बाजू कुणीतरी पुसून टाकल्यासारखी. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं होतं, त्यात मला नवल नव्हतं.

सुनंदानं शिकवल्याप्रमाणे तिचा डावा हात उचलून तिच्या पुढ्यात धरला. "मावशी, हा कुणाचा हात?"

राजव्वानं नजर टाकली. पाहुण्याकडे बघावं तशी. "अत्तम्माचा."

अत्तम्मा म्हणजे सासूबाई. सासू आदल्या वर्षी वारली होती. खोलीतले रहाट एकेक करून थांबले.

सुनंदानं हात तसाच धरून विचारलं, "मग तुमचा कुठंय?"

"तिनं नेला. 'तुजा चांगला हाय, मला दे' म्हनली. तिचा म्हातारा ठेवून गेली हितं." मग ती माझ्याकडे वळून अगदी समजुतीनं म्हणाली, "देती म्हनली परत. लई सत्याची बाई."

मी अशी पेशंट आधी पाहिली होती. एक गृहस्थ आपल्या हाताला नर्सचा हात म्हणायचे आणि तिनं तो उचलून न्यावा म्हणून तक्रार करायचे. मेंदूच्या नकाशातून हात पुसला गेला की माणूस दिसणाऱ्या हाताची काहीतरी व्यवस्था लावतो, मालक शोधतो. हे मी विद्यार्थ्यांना तिथल्या तिथे समजावून सांगितलं. देशकरनं मान डोलावली. सांगताना माझे डोळे मात्र त्या हाताकडे जात होते. राजव्वा सावळी, अंगानं भरलेली बाई. वापरात नसल्यानं तो हात सुकला होता, सुरकुतला होता, नखं वाढली होती. उजव्या हाताशेजारी ठेवला की खरंच एक पिढी मोठा दिसायचा.

सत्यनारायणनं मला बाहेर बोलावलं. घरात काय चाललंय ते तेव्हा कळलं. राजव्वा रोज जेवताना पहिला घास उजव्या हातानं उचलून डाव्या तळहातावर ठेवायची, अत्तम्माला. सून पद्मा गरोदर होती, दिवस भरत आलेले. ती भीतीनं अर्धी झाली होती. पद्मा राजव्वाला रीतीप्रमाणे अत्तम्माच म्हणायची, पण आता तिनं सासूला हाक मारणंच सोडलं होतं. न जाणो, दुसरीच कुणी ओ देईल. बाळ झाल्यावर तो हात बाळाला लागला तर? माहेरच्यांनी अक्कलकोटच्या पलीकडचा एक माणूस सांगितला होता. तो हाताला डाग देऊन आतलं बाहेर काढतो. अमावस्येला बोलावलं होतं.

"अमुशापतोर बगा बाई काय व्हतंय का," सत्यनारायण म्हणाला. "आई हाय माजी. मला काय हौस हाय व्हय? पन पद्मा म्हनती, न्हायतर मी माहेराला जाते, परत येत न्हाय."

त्या हाताला चटका कळत नव्हता. तापलेली सळई टेकवली असती तरी राजव्वानं मागे घेतला नसता, बघत बसली असती. आणि जळलेला हात मग कायमचा गेलाच असता. अमावस्या फार लांब नव्हती.

आता आमच्या लोकांची चूक सांगते. अशी चूक फक्त आमच्याच धंद्यात होऊ शकते. ज्या पेशंटला आपली एक बाजू दिसत नाही, त्याच्या त्या मनगटाला काहीतरी भडक बांधावं, म्हणजे नजर तिकडे खेचली जाते, असं आमची पुस्तकं सांगतात. सुनंदानं खोलीत पडलेलं लाल सूत उचललं, दोन वेढे घेतले आणि राजव्वाच्या डाव्या मनगटाला गाठ मारली. "हे बघा मावशी. लाल दोरा दिसला की ओळखायचं, हा माझा हात."

राजव्वा कितीतरी वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच एवढा वेळ डावीकडे. सुनंदा खूश झाली, मीही झाले. मग राजव्वा हसली आणि तेलुगूत कुणाशी तरी बोलायला लागली.

संध्याकाळ व्हायच्या आत सत्यनारायण आमच्या दारात. डोळे लालबुंद. "त्यो दोरा कुनी बांदला?"

सुनंदा पुढे झाली.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कशाबद्दल?"

त्याची आजी, म्हणजे ती अत्तम्मा, जन्मभर डाव्या मनगटाला लाल सुताचे दोन वेढे बांधायची. मागावर धागा तुटला की सांधायला तुकडा हाताशी हवा म्हणून. तिला लालच लागायचं. सरणावर ठेवतानाही कुणी तो काढला नव्हता. राजव्वा घरात शिरली, पदर सरकला, पद्माला ते मनगट दिसलं आणि ती जाग्यावर कोसळली. पोटातलं बाळ बरं होतं म्हणून थोडक्यात निभावलं. दोरा मात्र राजव्वा कुणाला सोडू देईना.

"तुमी घालवायला आला का बोलवायला?" सत्यनारायणनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुंबईच्या मुली लाल दोरा बांधून मेलेली माणसं बोलावतात, ही बातमी गल्लोगल्ली झाली होती. सुनंदा रिकाम्या रहाटांमध्ये बसून रडली. मी तिला म्हटलं, "रडायचं असेल तर घरी जाऊन रड, आधी त्यांच्या घरी चल." देशकरला घेतलं आणि भर दुपारी आम्ही निघालो. सोलापूरच्या उन्हात दुपारी कुत्रंही बाहेर पडत नाही, पण अमावस्या थांबणार नव्हती.

सत्यनारायणनं आम्हाला ओसरीच्या आत घेतलं नाही. पद्मा चौकटीला टेकून उभी, पोटावर हात धरून. दोन्ही बाजूंना यंत्रमाग दणाणत होते, त्यामुळे मला जवळजवळ किंचाळून बोलावं लागत होतं. मेंदू, रक्तवाहिनी, उजवी बाजू, डावी बाजू. आपल्या तोंडची एवढी शहाणी वाक्यं ओरडून सांगताना माणूस किती मूर्ख दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. तो मान हलवत होता, नाही म्हणत होता.

आणि वीज गेली.

ज्यानं ती वस्ती अनुभवली नाही, त्याला ती शांतता सांगता येणार नाही. सगळी गल्ली एका क्षणात थांबते. कान दुखायला लागतात. माझं अर्धं वाक्य मोठ्यानं हवेत राहिलं. त्या शांततेत घराच्या आतून आवाज येत होता. कुर्र, कुर्र, कुर्र. रहाट फिरत होता.

सत्यनारायणचा चेहरा उतरला. "आजीचा रहाट," तो पुटपुटला. "वर टांगलेला व्हता."

आम्ही आत गेलो, परवानगी कुणी विचारली नाही. मागच्या खोलीत कौलातून एक उन्हाची तिरीप येत होती. राजव्वा जमिनीवर बसलेली. तिनं रहाट काढून कसा घेतला, कोण जाणे. उजवा हात चाक फिरवत होता. तोंड भिंतीकडे. आणि डावा हात, आमच्या खोलीत ज्याच्यात पेन्सिल ठरत नव्हती तो हात, गुडघ्यावर टेकून अंगठा आणि बोटाच्या मधून सूत सोडत होता. ती त्या हाताकडे बघतही नव्हती. नुसती कुजबुजत होती, "मेल्लगा, अत्तम्मा, मेल्लगा." हळू, सासूबाई, हळू.

आम्ही पाचही जण तिथे खिळलो. चाक फिरत होतं, सूत जात होतं. मग कांडी भरली, चाक थांबलं, आणि डावी चिमूट सुटली. हात मांडीवर लुळा पडला.

सत्यनारायणनं पुढे होऊन ती कांडी उचलली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. बाहेरच्या माणसाला सगळ्या कांड्या सारख्याच. विणकराला तसं नसतं. धोटा मारताना सूत कसं सुटतं त्यावरून कांडी कुणी भरलीय ते त्याला डोळे मिटून कळतं. त्याचं बोट कांडीच्या मध्यावर थांबलं.

"ही आजीची कांडी हाय," तो म्हणाला.

"अहो, आई सासूकडूनच शिकल्या ना?" मी म्हटलं. "वर्षानुवर्षं समोरासमोर बसून भरल्या असतील. तशीच सवय लागणार."

"न्हाय बाई. आईची कांडी सरळ असती, काठीसारकी. पोटात जाड अन् टोकाला निमुळती, अशी आजीच भरायची. मी लहानपनापासून विनतोय ह्या दोगींच्या कांड्यांवर."

कमजोर बोटांना सूत सारखं सोडता येत नसेल, मध्ये जास्त साचत असेल, असं मी नंतर स्वतःला समजावलं. ते खरंही असेल.

देशकर त्या दिवशी पहिल्यांदा धड बोलला. खाली बसून, राजव्वाच्या हाताला न शिवता त्यानं सत्यनारायणला विचारलं, "काम करणाऱ्या हाताला डाग देणार का तुम्ही?"

सत्यनारायणनं कांडीवरून पुन्हा अंगठा फिरवला. वीज आली, माग पुन्हा दणाणायला लागले. त्या गोंगाटात त्याचं ओठ हलणं तेवढं दिसलं. नाही म्हणाला. पद्मा मात्र आत जाऊन कडी लावून बसली.

परत येताना सुनंदानं माझ्याशी भांडण काढलं. तिचं म्हणणं, आपण तिला हात तुझा आहे, तुझा आहे, असं पटवत राहिलो तर तो हात कामाला लागणारच नाही. सासूचा आहे ना? मग सासूलाच काम सांगू या. मी म्हटलं, "पुस्तकात काय लिहिलंय? चुकीची समजूत दुरुस्त करा. तिला खतपाणी घालू नका." सुनंदा म्हणाली, "पुस्तकात लाल दोराही लिहिला होता, मॅडम." पोरीनं मला गप्प केलं. माझा जळफळाट झाला, पण तिला करू दिलं.

मग त्या खोलीत जे सुरू झालं, ते कुठल्याही कॉलेजच्या तपासणीला दाखवण्यासारखं नव्हतं. "राजव्वा, अत्तम्माला सांगा ताट धरायला." राजव्वा सांगायची, आणि डावा हात थरथरत ताटाच्या काठाला लागायचा. "अत्तम्माला सांगा घागरीला हात लावायला." "अत्तम्मा दमल्या का? मग बसू द्या त्यांना." लोक परत यायला लागले, आधी दारातून बघायला, मग आत. थोड्याच दिवसांत लकवा मारलेला एक म्हातारा आपल्या पायाला वारलेल्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारून "चल की रं आन्ना" म्हणायला लागला, आणि पाय उचलायलाही लागला. दुपारच्या वेळी त्या खोलीत गेलं की जितकी माणसं बसलेली असायची, त्यापेक्षा जास्त जणांशी बोलणं चाललेलं असायचं. मुंबईहून विद्यार्थ्यांच्या प्राध्यापिका बघायला आल्या. थोडा वेळ बसल्या, मग खुर्ची सरकवून भिंतीला पाठ लावून बसल्या आणि चहा न घेता गेल्या. गुण मात्र बरे दिले.

अमावस्या आली आणि गेली. अक्कलकोटच्या माणसाला सत्यनारायणनं येऊ नको म्हणून कळवलं. पद्मा माहेरी गेली नाही, पण सासूच्या डाव्या बाजूनं जायची नाही. भीमरावसारखीच, जरा लांबून.

एका सकाळी राजव्वा रहाटावर होती. डावं बोट सरकलं आणि चातीचं, म्हणजे कांडी बसते त्या लोखंडी काडीचं, टोक त्यात घुसलं.

"अम्मा!" ती ओरडली.

सगळ्यांत आधी मला आनंद झाला. हाताला कळलं होतं! राजव्वानं बोट तोंडात घातलं, मग बाहेर काढून पाहिलं. रक्ताचा थेंब आला होता. तिनं हात उलटा केला, पालथा केला. लाल दोरा पाहिला. मनगटावर एक जुना डाग होता, भाकरी भाजताना पोळल्याचा. त्यावरून तिनं उजवं बोट फिरवलं.

"हा तर माजा हाय की," ती म्हणाली.

सुनंदानं टाळ्या वाजवल्या. देशकर हसायला लागला. मीसुद्धा काहीतरी मोठ्यानं बोलले असणार. राजव्वा आमच्याकडे एकेकाकडे बघत होती. तिचा चेहरा मी विसरलेली नाही.

"मग ती कुटं गेली?" तिनं विचारलं.

तिनं मान पूर्ण डावीकडे वळवली, जिकडे इतके दिवस वळवता येत नव्हती, आणि तिकडे कुणीच नाही हे पाहून ती जी रडायला लागली, ती आवरेना. लग्न होऊन आली तेव्हा अंगात झंपर घालायचंही कळत नव्हतं, त्या सासूनं वाढवलेली पोर होती ती. सासू पहिल्यांदा गेली तेव्हा घरात इतकी माणसं होती की धड रडायलाही मिळालं नव्हतं. आता रडली. आम्ही बऱ्या केलेल्या पेशंटांत राजव्वाची नोंद आहे, आणि ती योग्यच आहे. पण घरी जाताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. वाईट याचं वाटलं की तिला सांगण्यासारखं आमच्या अख्ख्या शास्त्रात एक वाक्य नव्हतं.

तिनं दोरा स्वतःच सोडला. पुढे ती रहाटावर बसेना. आठवडाभरानं बसली तेव्हा सत्यनारायण एक कांडी घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवली. मीच अंगठा फिरवून पाहिला. सरळ, काठीसारखी.

"आईची हाय," तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता की नाही, ते मला कळलं नाही.

त्याच सुमारास पद्मा बाळंत झाली. मुलगी. विद्यार्थ्यांचा मुक्काम संपत आला होता, सामान बांधून झालं होतं, तेवढ्यात बारशाचं बोलावणं आलं. सुनंदा म्हणाली, "जायलाच हवं का?" मी म्हटलं, "जायलाच हवं." खरं सांगायचं तर एकटीनं जायचं माझ्याही जिवावर आलं होतं.

सुटीचा दिवस, माग बंद. ती शांतता पुन्हा होती. पाळणा मागच्या खोलीतच, रहाटाच्या जवळ बांधलेला. राजव्वा भिंतीशी लांब बसली होती, हात पदरात घेऊन. कुणी तिला पुढे बोलवत नव्हतं. नाव ठेवायची वेळ झाली तसं पद्मानं बाळ उचललं, दोन पावलं पुढे आली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हाक मारली.

"अत्तम्मा."

राजव्वानं चमकून वर पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. "ओ," ती म्हणाली, तिच्या स्वतःच्या आवाजात. पद्मानं बाळ तिच्या मांडीवर दिलं, डाव्या बाजूनं.

राजव्वानं बाळाचं डोकं डाव्या हातावर घेतलं. हात थोडा थरथरला, पण धरून राहिला. मग तिनं दुपट्यातून बाळाची डावी मूठ बाहेर काढली, बोटं एकेक करून उघडली, तळहात निरखला आणि मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

"तिला तिचा मिळाला," ती मला म्हणाली, "मला माजा."

बाळाच्या उजव्या मनगटाला दृष्टीचा काळा दोरा होता. डाव्याला लाल सूत, दोन वेढे. मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं पांढरीफटक होऊन मान हलवली, मी नाही. राजव्वाही म्हणाली, "म्या न्हाय बांदला."

"मी बांदला," पद्मा म्हणाली. तिची नजर खाली होती, पण आवाज ठाम होता. "म्हातारी आलीच असंल, तर तिला आपला हात वळकू यावा की."

वेगवेगळे आजार, मेंदूचे भाग, लहान बाळांच्या तळहाताच्या रेषा, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. कुणीतरी माझ्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. मी त्या खाल्ल्या आणि पाळण्याला एक झोका दिला.